वरून येणारा हात

मुंबईतल्या प्लेगच्या दिवसांत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ज्या खोलीत माणूस दगावला होता आणि जी रिकामी करून बंद ठेवली होती अशा खोलीचे दार सरकारी माणसे पुन्हा उघडीत, आत एक वीतभर लांबीचा, शेपूट नसलेला, आखूड पायांचा केसाळ प्राणी सोडीत, दार लावून घेत, आणि काही काळाने परत येऊन त्याच्या अंगावर किती पिसवा चढल्या आहेत हे मोजीत. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उष्ण रक्ताचा दुसरा आसरा शोधू लागतात, आणि हा परका प्राणी तो आसरा पुरवीत असल्यामुळे एक चालताबोलता सापळाच होता. किती पिसवा सापडल्या, त्यांतल्या उंदराच्या किती, हा तपशील परळच्या प्रयोगशाळेच्या दप्तरी दाखल होई. त्या बंद अंधारात तो प्राणी स्वतः काय करीत असेल हे सांगायला मात्र दप्तराची गरज नाही. तो भिंतीला अंग चिकटवून, डोळे विस्फारून, श्वासाचाही आवाज होऊ न देता कोपऱ्यात बसून राहत असणार. ज्याने गिनीपिग पाळला आहे त्याला हे आसन परिचयाचे आहे.

आज पुण्यामुंबईच्या सदनिकांत हा प्राणी मुलांच्या हट्टापायी येतो, आणि आठवडाभरात त्याच्याविषयीची तक्रार सर्व घरांतून एकाच शब्दांत ऐकू येते की तो घाबरतो, खोक्यातून बाहेर येत नाही, हात पुढे केला की पळतो. प्रस्तुत लेखकाच्या पुतणीने हीच तक्रार केली तेव्हा ती मला बालिश वाटली होती. पुढे या प्राण्याची पूर्वपीठिका चाळताना असे ध्यानात आले की तक्रार रास्त आहे, पण ती चुकीच्या पक्षाविरुद्ध गुदरलेली आहे.

या प्राण्याचा मूळ मुलूख दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा. त्याचे रानटी आप्त आजही तेथील उंच गवताळ प्रदेशात कळपाने राहतात. त्यांना ससाण्यासारखी नखे नाहीत, खारीसारखे झाडावर चढता येत नाही, सशाच्या काही जातींप्रमाणे बिळे खणण्याचीही कला अवगत नाही. गवतातून पाडलेल्या अरुंद वाटा आणि कोणाही एकाने शीळ घातली की साऱ्यांनी क्षणात थिजावे किंवा उधळावे हा शिरस्ता, एवढीच त्यांची संरक्षणाची सामग्री. आकाशातून झडप घालणारा पक्षी हा त्यांचा मुख्य वैरी असल्यामुळे वरून येणारी कोणतीही सावली त्यांच्या लेखी मृत्यूचीच असते. आपला हात पिंजऱ्यात वरूनच उतरतो.

सुमारे पाच ते सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पेरूच्या परिसरातील लोकांनी या प्राण्याला घरात आणले. केचुआ भाषेत त्याला ‘कुवी’ म्हणतात आणि स्पॅनिश भाषेत त्याचे ‘कुय’ झाले. दोन्ही नावे त्याच्या किंचाळीची नक्कल करतात, म्हणजे आपल्या कावळ्याप्रमाणे आणि चिमणीप्रमाणे त्यानेही आपले नाव स्वतःच सांगितले असे म्हणावयास हरकत नाही. त्याला पिंजरा नव्हता. त्याचे स्थान स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला, गृहिणीच्या पायांत. भाज्यांची साले, मक्याची पाने आणि कापून आणलेला हिरवा चारा यांवर तो पोसला जाई, नवदांपत्याच्या संसाराच्या सरंजामात त्याची एखादी जोडी भेट म्हणून येई, आणि सण किंवा पाहुणा आला की त्याच जमिनीवरून एकाला उचलले जाई. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर पहिल्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान नांदलेल्या मोचे संस्कृतीच्या कुंभारांनी त्याची मृत्तिकापात्रे घडविली. दक्षिणेकडे चिंचा खोऱ्यातील लो देमास या ठिकाणी बळी देऊन पुरलेले गिनीपिग कोरड्या हवेमुळे केसांसकट टिकून राहिलेले उत्खननात सापडले आहेत. रोग्याच्या अंगावरून जिवंत कुय फिरवून, मग त्याला चिरून, त्याच्या आतड्यांवरून माणसाच्या रोगाचे निदान करणारे वैदूही तेथे होते आणि अद्याप आहेत. कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराचे अठराव्या शतकातील एक चित्र आहे, त्यात ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाच्या मेजावर मधोमध ताटात भाजलेला कुय पाय वर करून पडलेला आहे. काही जाणकार तो विस्काचा नावाचा दुसरा प्राणी असल्याचे म्हणतात, पण कुस्कोची रयत ते मानावयास तयार नाही.

एवढी प्रदीर्घ वहिवाट असूनही त्या स्वयंपाकघरात या प्राण्याला कुरवाळण्याची रीत पडली नाही, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तो माणसांच्या पायांमधून निर्भयपणे धावतो, चुलीपाशी झोपतो, भाजी चिरण्याचा आवाज आला की ओरडतो. पण हात खाली आला की भिंतीच्या कडेने पसार होतो, कारण हजारो वर्षे खाली आलेल्या हाताचा अर्थ एकच होता. पाय हे त्याच्या सहवासाचे आणि हात हा त्याच्या अंताचा. अशा घरात वाढलेल्या जिवाला आपण दुकानातून आणून काचेच्या पेटीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याने मांडीवर येऊन बसावे अशी अपेक्षा करतो.

येथे एक शंका येईल की इतक्या पिढ्या माणसाजवळ काढल्यावर भीती रक्तातूनच नाहीशी व्हावयास नको काय. या प्रश्नाचा अभ्यास जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला आहे. पाळीव गिनीपिग आणि त्याचे रानटी भाऊबंद यांची तुलना करता पाळीव प्राण्याच्या अंगी संकटसमयी स्रवणारी द्रव्ये कमी स्रवतात, तो कमी भांडतो, जोडीदाराशी अधिक लगट करतो असे त्यांना आढळले. मग त्यांनी असे रानटी प्राणी तपासले की जे सुमारे तीस पिढ्या बंदिवासातच जन्मले आणि वाढले होते, आणि रानातून अलीकडेच आलेल्या वाणाचे प्राणी व हे यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसेना. तीस पिढ्या पिंजऱ्यात काढूनही पिंजऱ्याने त्यांना माणसाळविले नाही. चुलीपाशी काढलेल्या हजारो वर्षांनी जे साधले ते मोलाचे खरे, पण ते अर्धेच आहे. भीतीची धार बोथट झाली, भीती गेली नाही, आणि उरलेले अर्धे काम प्रत्येक घरात प्रत्येक प्राण्याबरोबर पहिल्यापासून करावे लागते.

स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पेरू जिंकल्यानंतर हा प्राणी जहाजांवरून युरोपात पोचला, आणि १५५४ साली झुरिकच्या कोनराड गेस्नरने त्याचे वर्णन छापले. त्याने त्याला ‘इंडियाचे डुक्कर’ म्हटले. फ्रेंचांनी तेच केले, आणि पोर्तुगिजांनीही ‘पोर्किन्यु द इंदिया’ असेच नाव दिले, त्यामुळे एखाद्या गोमंतकीय वाचकाला तो आपल्याच किनाऱ्याचा वाटला तर त्याचा दोष नाही. ही इंडिया कोलंबसाच्या चुकीतली. इंग्रजांनी त्याला गिनी देशाचा ठरविले, जेथून तो आलेला नाही. एका गिनी नाण्याला विकला जाई म्हणून हे नाव पडले अशी कथा सांगतात, परंतु इंग्रजी लिखाणात हे नाव त्या नाण्याच्या आधीपासून आढळते, तेव्हा ती निकालात काढावी.

नावापेक्षा महत्त्वाचे ते हे की युरोपात त्याच्याकडे येणारा हात बदलला. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या हिल हॉल या वाड्याच्या जागी आणि आजच्या बेल्जियममधील मोंस शहरात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचे या प्राण्याचे अवशेष निघाले आहेत. सुमारे १५८० साली रंगविलेल्या एका इंग्रजी चित्रात तीन श्रीमंत मुले उभी आहेत आणि त्यांतल्या मुलीच्या हातात एक तिरंगी गिनीपिग आहे. तिने त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरले आहे. चित्रकाराला तो केवळ एक दुर्मिळ आणि महागडा जिन्नस म्हणून दाखवावयाचा असेल. परंतु अँडीजच्या साऱ्या मातीच्या पात्रांत आणि बळींच्या खड्ड्यांत जे दिसत नाही ते येथे दिसते, म्हणजे ज्या हाताला त्याला खावयाचे नाही असा एक हात. पुढे तीन शतकांनी इंग्लंडमध्ये त्याची प्रदर्शने भरू लागली, लांब केसांच्या आणि भोवऱ्याच्या केसांच्या जाती जोपासल्या गेल्या, आणि शौकिनांनी त्याच्यावर पुस्तके लिहिली.

पण त्याच शतकांत एक तिसरा हातही पुढे आला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्वाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या एका पात्रात गिनीपिग ठेवला आणि त्याच्या देहाच्या उष्णतेने दहा तासांत सुमारे तेरा औंस बर्फ वितळल्याचे मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलन आहे हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला त्यामागेही हाच प्राणी होता. प्रयोगशाळांना तो इतका मानवला याची कारणे सांगताना तो लहान आहे, सहज वाढतो, चावत नाही, धरला की निमूट राहतो असे सांगितले जाते. यांतले शेवटचे कारण मला खटकते. धरल्यावर तो निमूट राहतो तो शांत असतो म्हणून नव्हे. ससाण्याच्या पंज्यात सापडलेला जीव जसा हालचाल सोडून देतो तसा तो थिजलेला असतो. मौन म्हणजे संमती असे समजण्याची माणसाची खोड जुनी आहे आणि कायद्याच्या कचेऱ्यांतही ती आढळते, परंतु तिचा एवढा मोठा लाभ अन्यत्र कोणी उठविला असेल असे वाटत नाही. हीच चूक पाळणारे घरोघर करतात. मुलाच्या हातात दगडासारखा बसलेला गिनीपिग पाहून ‘बघा, कसा माणसाळला’ असे कौतुकाने म्हणतात, आणि तो त्या क्षणी मरणाची वाट पाहत असतो.

महाराष्ट्राशी त्याचा खरा संबंध आला तो या तिसऱ्या हाताच्या मार्फत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला; पुढच्या वर्षाच्या जानेवारीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगवरील आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली; १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नरी प्रासादात गेली, आणि तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. उंदरांकडून माणसांकडे हा रोग कसा जातो याविषयी फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांकडे बोट दाखविले होते, पण त्यांचे म्हणणे मानावयास फारसे कोणी तयार नव्हते. मुंबईत ग्लेन लिस्टन या अधिकाऱ्याच्या हाती जो पुरावा लागला त्यांतला एक भाग राणीच्या बागेतला होता. तेथील गिनीपिग एकामागून एक मरू लागले, तपासणीत ते प्लेगने मेल्याचे निघाले, आणि त्यांच्या अंगावर उंदराच्या पिसवा सापडल्या. लिस्टन यांचा या विषयावरील निबंध १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नेमलेल्या संशोधकांच्या मंडळाने परळला मुद्दाम खोपट्या बांधून, काही गिनीपिग जमिनीवर मोकळे सोडून आणि काहींचे पिंजरे टांगून प्रयोग केले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातला प्राणी रोगाने मरे, दोन फुटांवर टांगलेला वाचे, कारण पिसवेची उडी तितकी उंच जात नाही. चाळीतल्या आपल्या पणज्या-आज्यांचे जे प्राण पुढे वाचले त्यांच्या हिशोबात या मुक्या पाहुण्यांच्या नावे काही तरी जमा असले पाहिजे.

याच प्राण्याचे आणखी एक ऋण आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले तेव्हा त्यांना क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही झाला, आणि ताजी भाजी दिल्यावर तो टळला. माणसाप्रमाणेच याच्या देहालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. म्हणून हिरव्या पाल्यासाठी तो जो जीव टाकतो तो जिभेचा लाड नव्हे, देहाची निकड आहे. आणि त्याचा विश्वास संपादन करू पाहणाऱ्याला निसर्गाने दिलेले एकमेव साधनही तेच आहे. अँडीजच्या गृहिणीच्या पायांशी तो गोळा होई तो याच साधनामुळे.

पुतणीकडे जे दोन गिनीपिग आले ते बाजारातल्या दुकानदाराने मानगुटीला धरून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले होते. जोडी आणली हे तिने नकळत योग्यच केले. स्वित्झर्लंडने २००८ च्या आपल्या प्राणिसंरक्षण नियमावलीत हा प्राणी एकटा ठेवण्यास मनाई केली आहे, आणि परिचित जोडीदार शेजारी असला की नव्या जागेची धास्ती त्याच्या देहालाही कमी जाणवते हे म्युन्स्टरच्या मंडळींनी मोजून दाखविले आहे. पुढचा बंदोबस्त आम्ही दोघांनी मिळून केला. दिवाणखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर मधोमध ठेवलेला पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात सरकविला, म्हणजे दोन बाजू तरी निश्चिंत झाल्या. आत दोन तोंडांचे खोके ठेवले, कारण एकच दार असलेली गुहा ही त्याच्या दृष्टीने लपण्याची जागा नसून सापळा असतो. आणि पहिले चार दिवस घरातल्या कोणीही त्यांना हात लावू नये असा हुकूम काढला. हा हुकूम पाळणे मुलांपेक्षा घरातल्या वडीलधाऱ्यांना जड गेले, हे नमूद करणे भाग आहे.

त्यानंतर पुतणी रोज सायंकाळी ठरल्या वेळी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसू लागली आणि आपला अभ्यास मोठ्याने वाचू लागली. जमिनीवर बसणे ही यातली मेख आहे. उभा असलेला माणूस हा त्याला एक डोंगर असतो आणि डोंगरावरून ससाणा येतो. आठवडा गेल्यावर पिंजऱ्याचे बाजूचे दार उघडून तिने हात आत नेला तो खालून, तळवा वर करून, पिंजऱ्याच्या तळाला टेकवून, आणि बोटांत कोथिंबिरीची लांब काडी धरून. काडी लांब असावी याचे कारण प्राण्याला हातापासून दूर राहूनही ती खाता यावी. पुढे दिवसागणिक काडी आखूड करीत जावयाची, आणि त्याने ती ओढून नेली तर नेऊ द्यावयाची. हात हलवावयाचा नाही, पाठलाग करावयाचा नाही, कोपऱ्यात गाठून उचलावयाचे नाही. सफाईसाठी बाहेर काढावेच लागे तेव्हा तो आपण होऊन खोक्यात शिरेपर्यंत वाट पाहून खोक्यासकट काढण्याची युक्ती तिला सुचली. ती मला फार पसंत पडली. उचलण्याची वेळ पुढे आली तेव्हा एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन, पोटाशी धरून, जमिनीवर बसल्या बसल्या, दोनचार मिनिटे. त्याने दात कटकटविले की परत. त्या १५८० च्या चित्रातली मुलगी हे सारे कोठे शिकली असेल याचे मला अद्याप नवल वाटते.

दोन आपत्तीही आल्या. एक दिवाळीच्या फटाक्यांची. त्या तीन रात्रींनी आम्हांला जवळजवळ पहिल्या दिवशी नेऊन ठेवले. दुसरी पुढे चैत्रातल्या उन्हाची. थंड पठारावरचा हा जीव पुण्याच्या उकाड्यात आडवा होऊन धापा टाकतो, आणि तेव्हा त्याला शिकवणी नको असते, फरशीवरची सावली आणि ओल्या पोत्याचा गारवा हवा असतो.

प्रगतीची पहिली खूण हातापाशी दिसली नाही, स्वयंपाकघराकडून आली. सकाळी वहिनी भाजी निवडावयास बसल्या आणि मेथीच्या जुडीचा दोरा तुटल्याचा आवाज झाला की दिवाणखान्यातून कुकरच्या शिटीला मागे सारील अशी दुहेरी किंचाळी येऊ लागली. चुलीपासून एवढ्या शतकांनी आणि एवढ्या सागरांनी दूर आल्यावरही स्वयंपाकघर कोठे आहे हे त्यांनी शोधून काढले होते. मग एके दिवशी गवताच्या ढिगावर तांबूस रंगाचा गिनीपिग जागच्या जागी उडाला, हवेत अंग मुरडून पडला आणि पुन्हा उडाला. लाही फुटावी तशी ही उडी तो निर्धास्त असतानाच मारतो असे जाणकार सांगतात. काळा मात्र खोक्याच्या दाराशी बसून हे सारे नापसंतीने पाहत होता.

काळ्याला सात आठवडे लागले. एक संध्याकाळ होती, पुतणी इतिहासाचा धडा वाचीत होती आणि तिचा हात नेहमीप्रमाणे पिंजऱ्याच्या तळाशी उताणा पडला होता. काडी इतकी आखूड होती की पानेच तेवढी बोटांबाहेर दिसत होती. तो बाहेर आला, थांबला, मागे गेला, पुन्हा आला, आणि पुढचे दोन्ही पाय तिच्या तळव्यावर टेकवून त्याने कोथिंबीर ओढून घेतली. पुतणीने वाचन थांबविले नाही, फक्त आवाज जरा उतरविला. त्याने पाने तेथे खाल्ली नाहीत; ती तोंडात धरून तो खोक्यात गेला आणि आमच्याकडे पाठ करून सावकाश खाऊ लागला.